एकाच क्लॉकवर सहा स्टँडर्ड

एफएम, लोरा (सेन्सरसारख्या उपकरणांचा दूर पल्ल्याचा रेडिओ), जीएसएम आणि एलटीई (मोबाइलचे टूजी आणि फोरजी), झिगबी (घरगुती उपकरणांचा जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) आणि विमानं आपली जागा कळवतात तो १०९० मेगाहर्ट्झवरचा एडीएस-बी, हे सगळं एकाच रिसीव्हरवर घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी डिमॉड्युलेटर, म्हणजे लहरींतून माहिती बाहेर काढणारा भाग, लिहायला बसतात. आम्हीही तिथूनच सुरुवात केली आणि महिनाभराने सगळं मोडून पुन्हा मांडलं. डिमॉड्युलेटर पुस्तकात मिळतो. खरी डोकेदुखी त्याच्या आधीच्या टप्प्यात असते. प्रत्येक स्टँडर्डला स्वतःचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती मोजमापं) हवा असतो आणि एडीसीचा, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाचा, क्लॉक मात्र एकच असतो.

हार्डवेअर तयार घेतलं. रेडिओ चिप एडी९३६१, पुढे झिंक-७०२० एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं मांडता येतं असा आयसी. चिप ७० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ ऐकते, १२ बिटांचे सॅम्पल देते आणि बँडविड्थ २०० किलोहर्ट्झपासून ५६ मेगाहर्ट्झपर्यंत ठेवू देते. झिंकमध्ये २२० डीएसपी स्लाइस आहेत, म्हणजे गुणाकार करणारे २२० तयार ठोकळे. बोर्ड आणि कनेक्टर बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून आले, अ‍ॅल्युमिनियमचा डबा आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मिलिंग करून घेतला.

एफपीजीए कशाला, कच्चे सॅम्पल सरळ संगणकाला पाठवा, असं कुणीतरी विचारतंच. हिशोब करून बघा. ३०.७२ मेगासॅम्पल गुणिले चार बाइट, म्हणजे सेकंदाला जवळपास १२३ मेगाबाइट. गिगाबिट इथरनेटवरून प्रत्यक्षात ११० च्या आसपासच जातात. तेच एफएमचं एक स्टेशन बोर्डावरच वेगळं काढून २४० किलोसॅम्पलवर आणलं, तर एक मेगाबाइटसुद्धा भरत नाही.

३०.७२ हा आकडा का निवडला, ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एलटीईचं मूळ मोजमाप १.९२ मेगासॅम्पल आणि ३०.७२ ही त्याची बरोबर सोळापट. ३०.७२ ला १२८ ने भागलं की २४० किलो येतात आणि २४० ला पाचने भागलं की ४८ किलो, म्हणजे ऑडिओचा रेट. एफएमही पूर्णांकात बसला. राहिली ती 'मेगाहर्ट्झवाली' मंडळी. झिगबीला सेकंदाला २० लाख चिप (इथे चिप म्हणजे सिग्नलचा छोटा तुकडा) म्हणून ८ मेगासॅम्पल, एडीएस-बीला २ मेगासॅम्पल, लोराच्या १२५ किलोहर्ट्झ चॅनेलला २५० किलोसॅम्पल. हे तिन्ही आकडे ३०.७२ ला दोनच्या घाताने भागून कधीच येत नाहीत. पण कागदावर मांडून पाहिल्यावर एक गोष्ट दिसली. १५.३६ चे ८ करायला २५/४८ लागतात. ३.८४ चे २ करायलाही २५/४८. ४८० चे २५० करायलाही २५/४८. म्हणजे तिघांना रिसॅम्पलर (सॅम्पल रेट बदलणारा भाग) एकच पुरतो, फक्त त्याच्या आधीचा भागाकार बदलायचा. जीएसएम तेवढा जावई. त्याचा सिम्बॉल रेट १३ मेगाहर्ट्झ भागिले ४८, म्हणजे २७०.८३३ किलो. त्याच्या चौपट रेट हवा असेल, तर १.९२ वर २५/४८ लावून १ मेगा करायचा आणि वर १३/१२ लावायचे. १.०८३३ मेगासॅम्पल हातात.

हा कागद तयार होण्याआधी प्रत्येक स्टँडर्डसाठी एडी९३६१ चा क्लॉकच बदलत होतो. तेही चालतं, पण दर वेळी चिप स्वतःचं कॅलिब्रेशन पुन्हा करते, इंटरफेसचं टायमिंग हलतं आणि एफपीजीएतला क्लॉक तेवढा वेळ डळमळतो. तो मार्ग आम्ही कुणालाही सुचवणार नाही. क्लॉक एकदा लावावा आणि त्याला पुन्हा हात लावू नये. चिपमधला बेसबँड पीएलएल (मूळ क्लॉक बनवणारा भाग) ९८३.०४ मेगाहर्ट्झवर, एडीसी २४५.७६ वर, मग चिपमधलेच तीन हाफबँड (दोनने भागणारे फिल्टर) मिळून आठने भागतात आणि बाहेर ३०.७२ येतात. एफपीजीएतलं सगळं गणित १२२.८८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे बरोबर चौपटीवर चालतं.

आता साखळी. पहिला एनसीओ (आकड्यांनी लाट बनवणारा ऑसिलेटर) आणि मिक्सर (ती लाट सिग्नलशी गुणून फ्रीक्वेन्सी सरकवणारा). फेज अ‍ॅक्युम्युलेटर ३२ बिटांचा, त्यामुळे ट्यूनिंगची पायरी ०.००७ हर्ट्झ. साइनच्या टेबलला फेजचे वरचे १४ बिट जातात. फेजच्या दर बिटामागे खोट्या रेषा साधारण ६ डीबीने खाली जातात, म्हणजे ८४ डीबी. १२ बिटांच्या एडीसीची आदर्श मर्यादा ७४, तेव्हा हे पुरतं. पाव लाटेचंच टेबल ठेवायचं, बाकीची तीन पावं चिन्ह आणि दिशा बदलून मिळतात. ४०९६ नोंदी, प्रत्येकी १६ बिट, दोन ब्लॉक-रॅममध्ये मावतात.

मिक्सरची गरज नुसती ट्यूनिंगपुरती नाही. ही चिप सरळ शून्यावर उतरवणारी आहे, त्यामुळे लोकल ऑसिलेटरच्या (चिप ज्या फ्रीक्वेन्सीवर लावली तिच्या) बरोबर मध्यावर डीसीचा, म्हणजे शून्य फ्रीक्वेन्सीचा, खिळा उभा राहतो. लोरासारखा बारीक सिग्नल त्या खिळ्यावर ठेवला तर काहीच हाती लागत नाही. ऑसिलेटर दोनेक मेगाहर्ट्झ बाजूला ठेवायचा आणि उरलेलं अंतर एनसीओने कापायचं.

मग सॅम्पल रेट खाली आणणारा सीआयसी फिल्टर, पाच पायऱ्यांचा. यात गुणाकार नाही, नुसत्या बेरजा-वजाबाक्या. इथेच आमची पहिली मोठी चूक झाली. भागाकार आर असेल तर पाच पायऱ्यांचा गेन आरचा पाचवा घात. १२८ ने भागायचं तर गेन ३५ बिटांचा. मिक्सरनंतर डेटा १६ बिटांचा, बेरीज ५१. झिंकच्या डीएसपी स्लाइसमधला अ‍ॅक्युम्युलेटर ४८ बिटांचा. तीन बिट वाहून गेले. सिग्नल बारीक असताना सगळं छान दिसायचं आणि जोरकस स्टेशन आलं की आवाजाचा चिवडा. उपाय साधा आहे. सीआयसीने जास्तीत जास्त ६४ नेच भागायचं, म्हणजे ३० अधिक १६, ४६ बिट. उरलेले दोन पुढच्या हाफबँडकडे.

दुसरी चूक त्याहून फसवी. 'ओव्हरफ्लो होतोय ना, मग सॅच्युरेशन लावा' असं एकाने सुचवलं आणि इंटिग्रेटरला, म्हणजे सीआयसीतल्या बेरजा साठवणाऱ्या पायऱ्यांना, सॅच्युरेशन (आकडा कमाल मर्यादेवर अडवणं) लावलं गेलं. सीआयसीत असं करायचं नसतं. त्याचे इंटिग्रेटर गोल फिरून परत येण्यासाठीच बनलेले असतात. टू'ज कॉम्प्लिमेंटमध्ये (ऋण आकडे लिहिण्याच्या नेहमीच्या बायनरी पद्धतीत) ते कितीही वेळा उलटले तरी पुढची कोम्बची वजाबाकी सगळं जागेवर आणते, अट एवढीच की रुंदी पुरेशी हवी. सॅच्युरेशन लावलं की ती वजाबाकीच खोटी पडते आणि आउटपुट एकदा घसरलं की रीसेट करेपर्यंत सावरत नाही.

सीआयसीचा पासबँड, म्हणजे जाऊ द्यायचा पट्टा, सपाट नसतो, कडेला उतरतो. एफएमसाठी आउटपुट ४८० किलो असताना १०० किलोहर्ट्झवर तो साधारण ३.१ डीबी खाली असतो. बाहेरून दुमडून आत येणारी घाण त्या कडेवर ५८ डीबी दबलेली असते. उताराची भरपाई वेगळ्या फिल्टरने न करता चॅनेल फिल्टरच्याच गुणकांत मिसळली.

हाफबँडचं कौतुक करावं तेवढं थोडं. मधला गुणक सोडला तर एकाआड एक गुणक शून्य, उरलेले दोन्ही बाजूंनी सारखे. २३ टॅपच्या (गुणकांच्या) फिल्टरला प्रत्यक्षात सहाच गुणाकार लागतात, डीएसपी स्लाइसचा प्री-अ‍ॅडर सारख्या गुणकांची बेरीज आधीच करून देतो. एलटीईला २३ टॅप मजेत पुरले. एफएमला नाही. तिथे पासबँड सॅम्पल रेटच्या ०.२०८ पटीवर संपतो आणि स्टॉपबँड (अडवायचा पट्टा) ०.२९२ ला सुरू होतो, मधली जागा एवढीशीच. २३ टॅपनी चाळिसेक डीबी दिले आणि शेजारच्या स्टेशनची कुजबुज ऐकू यायची. ४७ टॅप केले, गुणाकार बारा झाले, कुजबुज गेली. कार्सनच्या (एफएमची बँडविड्थ काढायच्या) सूत्राने स्टिरिओ एफएमला २५६ किलोहर्ट्झ हवेत आणि आपण त्याला २४० किलोच देतोय, हे खरंच. आवाज शिगेला गेला की किंचित खरखर येते. ज्याचा कान तयार आहे त्याने हाफबँड वगळून ४८० वर काम करावं. डी-एम्फसिस (स्टेशनने वाढवलेले वरचे स्वर परत खाली आणणं) मात्र ५० मायक्रोसेकंदच ठेवायचा. अमेरिकेचा ७५ चा आकडा नेटवरच्या कोडमध्ये सर्रास पडलेला असतो, तो तसाच उचलला की आपल्याकडची स्टेशनं बोदी वाटतात.

कोणाला किती भागायचं, ते असं बसलं. एफएमला सीआयसी ६४ आणि हाफबँड. लोराला ३२ आणि हाफबँड. एलटीई आणि जीएसएमला ८ आणि हाफबँड, एडीएस-बीला ४ आणि हाफबँड. झिगबीला सीआयसी नाहीच, थेट हाफबँड. स्टँडर्ड बदलताना सीआयसीनंतरचा शिफ्टही बदलावा लागतो. ६४ ला ३० बिट, ८ ला १५. हा रजिस्टर लिहायचा राहिला की आउटपुट एकतर शून्य येतं नाहीतर भिंतीला टेकतं. आम्ही भागाकार आणि शिफ्ट एकाच रजिस्टरमध्ये बांधून टाकले, म्हणजे विसरायची सोयच नाही.

रिसॅम्पलर पॉलिफेज पद्धतीचा, म्हणजे एक लांब फिल्टर छोट्या छोट्या फेजमध्ये वाटलेला. २५ फेज, प्रत्येकी २४ टॅप, म्हणजे ६०० गुणक. जीएसएमच्या १३/१२ साठी १३ गुणिले २४, ३१२. एकूण ९१२, आणि १८ बिटांच्या १०२४ नोंदींची एक अर्धी ब्लॉक-रॅम त्यासाठी पुरते. त्याचं चालणं अगदी साधं आहे. दर आउटपुटला फेजमध्ये ४८ मिळवायचे, २५ किंवा जास्त आहेत तोवर एकेक नवा सॅम्पल आत घ्यायचा आणि २५ वजा करायचे. त्यामुळे कधी एक सॅम्पल आत जातो, बहुतेक वेळा दोन. फेजचा क्रम उलटा लागला तरी सिम्युलेशनमध्ये पटकन कळत नाही, आवाज 'बरा' वाटतो. एकच शुद्ध स्वर आत सोडून स्पेक्ट्रम पाहावा. क्रम चुकला असेल तर स्वराच्या दोन्ही अंगांना खोट्या रेषांची रांग उभी राहते.

आणखी एक. झिगबीचे ८ मेगासॅम्पल १२२.८८ च्या क्लॉकवर म्हणजे दर १५.३६ क्लॉकला एक. अर्थात ही फक्त सरासरी, दोन सॅम्पलमधलं अंतर सारखं नसतं. पुढचा ब्लॉक 'ठरलेल्या अंतरानेच येणार' असं धरून लिहिला असेल तर अधूनमधून सॅम्पल गळतो आणि पॅकेटचा सीआरसी (चूक तपासायचा आकडा) बसत नाही. मधे छोटा फिफो (आधी आला तो आधी बाहेर, असा साठा) ठेवावा आणि व्हॅलिड सिग्नलवरच चालावं. गाळलेल्या बिटांचं राउंडिंगही नीट करायला हवं. नुसते खालचे बिट कापले की दर वेळी अर्धा एलएसबी (सगळ्यात खालचा बिट) खाली सरकतो आणि चॅनेलच्या मधोमध डीसी जमा होतो. म्हणजे एका खिळ्यापासून सुटायला ऑसिलेटर बाजूला सरकवला आणि दुसरा खिळा स्वतःच्या हाताने ठोकला.

एक चॅनेल चोवीस डीएसपी स्लाइसमध्ये बसला. मिक्सर चार, इंटिग्रेटर दहा, हाफबँड चार, रिसॅम्पलर चार, चॅनेल फिल्टर दोन. तीन चॅनेल एकदम चालवले तरी ७२ च.

गणित जमल्यावर बेळगावची हवा आडवी आली. डबा उद्यमबागेतून सुरेख काळ्या अ‍ॅनोडायझिंगमध्ये आला आणि नॉइज उघड्या बोर्डापेक्षा एक डीबीसुद्धा कमी झाला नाही. मल्टिमीटरचं एक टोक झाकणावर, दुसरं डब्यावर. ओपन. सगळे स्क्रू घट्ट, तरीही ओपन. अ‍ॅनोडायझिंगचा थर वीज नेत नाही, त्यामुळे झाकण म्हणजे नुसती टोपी झाली होती, कवच नाही. झाकण जिथे बसतं ती कड आणि स्क्रूच्या खालची जागा अ‍ॅनोडायझिंगच्या आधी झाकून घ्यायला सांगायची. काम होऊन आलं असेल तर पॉलिश पेपरने कडेची पट्टी चकचकीत होईस्तोवर घासायची आणि तिथे वीजवाहक गॅस्केट बसवायचं. शॉपवाल्याला नुसतं 'शील्डिंगचा डबा' म्हणून उपयोग नाही, ड्रॉइंगवर ती कड लाल रंगात दाखवायची. त्यांचं रोजचं काम हायड्रॉलिक आणि कास्टिंगचं, तिथे थर जितका अखंड तितकं काम चांगलं.

वडगाव-खासबागेकडे यंत्रमागांच्या शेजारी अँटेना लावली तर एफएमच्या पट्ट्यात नॉइजची पातळी दिवसा चढलेली दिसते आणि माग बंद झाले की उतरते. मोटरपेक्षा स्वस्त एलईडी ट्यूब आणि ड्राइव्ह जास्त बोलतात. १०९० मेगाहर्ट्झवर तो त्रास जवळजवळ नाही. पॉवर केबलचे पाच वेढे फेराइटवर घेतले की बराच फरक पडतो. हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) वीज गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला की आणखी एक चित्र दिसतं, ते वेगळं ओळखायला शिकावं, नाहीतर दोष साखळीत शोधत बसाल.

सगळ्यात चिवट त्रास लोराचा. आपल्याकडे लोराची उपकरणं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतात आणि ८५० च्या मोबाइल पट्ट्याचं डाउनलिंक ८६९ लाच सुरू होतं. मधे दोनच मेगाहर्ट्झ. एवढ्या जागेत सॉ फिल्टर (अँटेनाजवळ लावायचा छोटा तयार फिल्टर) उतरू शकत नाही. टॉवर जवळ असला की चिपचा आपोआप चालणारा गेन त्या टॉवरला बघून खाली जातो आणि शेतातल्या सेन्सरचा लोरा त्याखाली गाडला जातो. आम्ही दोन गोष्टी केल्या. चिपमधला अ‍ॅनालॉग फिल्टर आवळला, म्हणजे टॉवर एडीसीपर्यंत पोचायच्या आत दबतो. सॅम्पल रेट ३०.७२ च राहतो, ते दोन वेगळे रजिस्टर आहेत हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. इथे मात्र ऑसिलेटर टॉवरच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे खालच्या अंगाला सरकवायचा. वरच्या अंगाला ठेवला तर तो टॉवरलाच मध्यावर आणून बसवतो. आणि गेन हाताने लावला. आधी वाढवत जायचं, एडीसी भरल्याची खूण दिसली की सहा डीबी मागे यायचं. बेळगावच्या मध्यवस्तीत आणि खानापूरच्या रानात हा आकडा एक येत नाही, तेव्हा फाइलमध्ये ठिकाणाप्रमाणे नोंदवावा.

क्रिस्टल (सगळ्या क्लॉकचा मूळ आधार) तपासायला जीएसएम उपयोगी पडतो. त्याच्या फ्रीक्वेन्सी करेक्शन बर्स्टमध्ये कॅरियरच्या ६७.७०८ किलोहर्ट्झ वर एक शुद्ध स्वर असतो, अर्धा मिलिसेकंदाहून थोडा जास्त. मोठ्या टॉवरचा कॅरियर ०.०५ पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग, हे माप) आत असतो. स्वर जितका सरकलेला दिसेल तितकी आपली चूक, ९५० मेगाहर्ट्झवर १ किलोहर्ट्झ म्हणजे जवळपास १.०५ पीपीएम. साधा २५ पीपीएमचा क्रिस्टल १८४० मेगाहर्ट्झवर ४६ किलोहर्ट्झ चुकू शकतो, म्हणजे एलटीईचे तीन सबकॅरियर (बारीक उप-पट्ट्या). मग पीएसएस (टॉवर शोधायचा पहिला ठरावीक सिग्नल) सापडतो, पण पुढचं काहीच उलगडत नाही. डबा बंद करून अर्धा तास तापू द्यावा, मगच मोजावं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ठेवलेल्या डब्याचा आकडा सकाळी आणि दुपारी वेगळा येतो. ०.५ पीपीएमचा टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल ऑसिलेटर) बसवला की ही कटकट मिटते.

एडीएस-बी सगळ्यात आधी जमलं, ते सोपंच आहे. ८ मायक्रोसेकंदांची सुरुवात, त्यात ०, १, ३.५ आणि ४.५ ला पल्स, मग ११२ बिट. अँटेना म्हणजे साडेसहा सेंटिमीटरची तार, खाली चार रेडियल. १० किलोमीटर उंचीवरच्या विमानाचं रेडिओ क्षितिज सव्वाचारशे किलोमीटरच्या घरात जातं, त्यामुळे सांबऱ्याला (बेळगावच्या विमानतळावर) उतरणाऱ्या विमानांपेक्षा वरून जाणारीच जास्त दिसतात. पावसाळ्यात कनेक्टरला सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप लावली नाही तर जुलैत पल्ला निम्म्यावर येतो. केबलमध्ये पाणी शिरलेलं असतं.

एलटीईमध्ये १.९२ मेगासॅम्पलवर पीएसएस, एसएसएस (त्याच्या जोडीचा दुसरा सिग्नल) आणि एमआयबी (टॉवरची अगदी मूळ माहिती) मिळतात, कारण ते मधल्या सहा रिसोर्स ब्लॉकमध्ये, म्हणजे पट्ट्याच्या मधल्या तुकड्यांत, असतात. टॉवर कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या सर्कलचा, हे एसआयबी-१ या पुढच्या संदेशात असतं आणि त्यासाठी पूर्ण बँडविड्थ लागते. तेव्हा आधी एमआयबीतून बँडविड्थ वाचायची, मग साखळी वळसा घालून ३०.७२ चे ८० मिलिसेकंद थेट डीडीआर मेमरीत उतरवायचे. दहा मेगाबाइटच्या आत बसतात आणि झिंकमधला एआरएम प्रोसेसर सावकाश उलगडतो. आम्ही फक्त टॉवर सगळ्यांसाठी उघड पाठवतो तेवढंच वाचतो. कुणाच्या बोलण्याला किंवा डेटाला हात लावणं कायद्यात बसत नाही आणि या डब्याचा तो उद्देशही नाही.

डबा गाडीत ठेवून वेंगुर्ला रस्त्याने निघालं की महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या शिनोळीच्या आसपास एअरटेलच्या टॉवरचा कोड ४०४-४५ वरून ४०४-९० होतो, कर्नाटक सर्कलचा महाराष्ट्र सर्कल. मधल्या पट्ट्यात दोन्ही एकदम सापडतात, कधी कधी एकाच फ्रीक्वेन्सीवर, आणि तिथे पीएसएसचे दोन शिखर येतात. नुसतं मोठं शिखर उचलणारा कोड तिथे दर पाच मिलिसेकंदांनी मत बदलतो. दोन्ही शिखरं वेगवेगळी धरून प्रत्येकाचा एसएसएस स्वतंत्र तपासला, तेव्हा कुठे नोंद स्थिर झाली.